कपाटावर काय लिहू: गुरुजी, मास्तर की सर?

तेरणाकाठ
मंडळी, एक अडचण घेऊन आले आहे. मोकळेपणानं सांगा.

वडील गेल्या पौषात गेले. औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांवर १९७१ ते २००५ अशी चौतीस वर्षं त्यांनी नोकरी केली. सेवापुस्तकात आधी उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे शिक्के आहेत आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाल्यानंतर लातूरचे. वर्षश्राद्धाला गावजेवण घालण्याऐवजी गावच्या शाळेला पुस्तकांचं एक लोखंडी कपाट द्यायचं आम्ही ठरवलं. कपाट आलं, पुस्तकं आली, पेंटर डबा-ब्रश घेऊन आला आणि काम एका शब्दावर अडलं. वडिलांच्या नावापुढं काय लिहायचं?

धाकटा भाऊ म्हणतो "सर" लिहा. तो स्वतः पॉलिटेक्निकला शिकवतो. त्याचं म्हणणं, आजच्या लेकरांना गुरुजी म्हणजे सत्यनारायण सांगायला येतात ते वाटतात. आई म्हणते "गुरुजी", दुसरं काही नाही. पारावर बसणारे वडिलांचे सोबती त्यांना जन्मभर "मास्तर" म्हणत आले. सरकारी कागदावर ते कायम "सहशिक्षक" होते, शेवटची सहा वर्षं "मुख्याध्यापक".

शाळेत असताना समानार्थी शब्दांत मी हे सगळे शब्द एका ओळीत लिहिलेत. शिक्षक, गुरुजी, मास्तर, अध्यापक. वडिलांनीच त्याला बरोबरची खूण केली असेल. आज ते एका ओळीत बसत नाहीत. तुमच्या गावात कोण कुणाला काय म्हणायचं? आता काय म्हणतात? पेंटरला मी आठ दिवसांनी बोलावलंय.

बालाघाट
ताई, वडिलांना आदरांजली. कपाटाची कल्पना फार आवडली.

आमच्याकडं पाटोद्याच्या बाजूला पोरांच्या तोंडी "गुर्जी" होतं. "गुर्जी यायलेत रे, बसा खाली!" ही आरोळी अजून कानात आहे. वर्गात "गुर्जी, पाणी प्यायला जाऊ का?" आणि हजेरीला "हजर गुर्जी". मास्तर हा शब्द पोरांनी तोंडावर कधीच वापरला नाही. तो मोठ्या माणसांचा शब्द. सरपंच, पोलीस पाटील, वाण्याचा दुकानदार, हे म्हणायचे, "या मास्तर, बसा, चहा घ्या." त्यात बरोबरीचं नातं होतं. मास्तर गावातले शहाणे खरे, पण गावातलेच. अर्ज लिहून द्यायचा, मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा, पोरीच्या सासरहून आलेलं पत्र वाचून दाखवायचं, ही सगळी कामं मास्तरांची.

एक सांगतो. "मास्तर" हा शब्द सुरावर चालतो. प्रेमानं म्हटलं तर घरचा माणूस. रागानं त्याचा "मास्तरडा" व्हायला वेळ लागत नाही. "गुरुजी"चं असं वाकडं रूप मी आमच्या भागात कधी ऐकलं नाही.

पूर्णा जंक्शन
आमचं गाव रेल्वेचं. तिथं नुसतं मास्तर म्हटलं की स्टेशन मास्तर. पोस्टमास्तर वेगळे, बँडमास्तर वेगळे, कापड बेतणारे टेलर मास्तर वेगळे. म्हणून शाळेतल्यांना गुरुजी म्हणणं भागच होतं. मास्तर म्हणजे आपल्या हातातल्या कामात पक्का माणूस, इतकाच अर्थ आम्हाला लहानपणी लागायचा.

जुनी वही
मी अंबडचा, वय ७८. माझे आजोबा सांगायचे ती शाळा "पंतोजींची शाळा" होती. मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर भरायची. फळ्याऐवजी धूळपाटी. सकाळी मुळाक्षरं, दुपारी पाढे. नुसते पाढे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवाकी, दिडकी, अडीचकी, सगळं एका सुरात पाठ. पंतोजींना पगार नव्हता. सुगीत घरटी ज्वारी जमा व्हायची, सणाला शिधा. पंत अधिक जी, म्हणजे शब्दाच्या घडणीतच आदर आहे. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) हा शब्द शाळामास्तरासाठीच दिलेला आहे.

पुढं त्याची किंमत उतरली. माझ्या लहानपणी "पंतोजी" म्हणजे छडी, अंगठे धरायला लावणं, कोंबडा करणं. "पंतोजीपणा करू नकोस" असं वडील मला म्हणायचे. माणसं चांगली होती की वाईट ते राहू द्या. पद्धत मागं पडली आणि शब्दालाही सोबत घेऊन गेली.

आजोबांनी दुसरा एक शब्द सांगितला होता, "मुदर्रिस". निजामी अमलातल्या सरकारी शाळेत शिक्षकाचा हुद्दा तो होता. त्यावर इथं कुणी जाणकार असतील तर लिहा.

दख्खनी
जुनी वही काका, आदाब. मी नांदेडला उर्दू शाळेत शिकवतो, त्यामुळं हे माझ्या रोजच्या वापरातले शब्द आहेत.

मुदर्रिस म्हणजे दर्स देणारा, धडा देणारा. मदरसा हा शब्द त्याच मुळाचा. निजामाच्या राज्यात सरकारी शाळांच्या पायऱ्या होत्या: प्राथमिक ती तहतानिया, माध्यमिक वस्तानिया, हायस्कूल फौकानिया. वरचं शिक्षण उर्दूतून. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, तेही उर्दू माध्यमाचं. म्हणजे मराठी घरातलं पोर गावात पंतोजींकडं श्रीगणेशा करायचं आणि तालुक्याला जाऊन मुदर्रिसांपुढं बसायचं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते सगळं बदललं. पण आमच्या उर्दू शाळांत मुख्याध्यापकाला आजही "सदर मुदर्रिस" म्हणतात. मुख्याध्यापिका असतील तर "सदर मुअल्लिमा". हे कागदावर. मुलं हाक मारताना मात्र "सर" म्हणतात, आणि शिक्षिकेला "आपा" किंवा "टीचर". आपा म्हणजे थोरली बहीण. मला तो शब्द फार प्रिय आहे. माझ्या पहिलीच्या आपांनी माझा हात धरून अलिफ गिरवून घेतला होता.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. अरबीत तालीम म्हणजे शिक्षण आणि फारसीत उस्ताद म्हणजे शिकवणारा. हे दोन्ही शब्द मराठीत आले ते थेट लाल मातीत उतरले. तालीम झाली कुस्तीची जागा आणि उस्तादाचा झाला "वस्ताद". मराठी माणूस शाळेत जातो गुरुजींकडं आणि तालमीत जातो वस्तादांकडं. दोन्हीकडं शब्दाचा अर्थ शिकवणाराच.

सीमेवरचा
दख्खनी भाई, सुंदर लिहिलंत. मी देगलूरचा. आमच्या बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच हातगाड्यावर ऐकू येतात.

तेलुगूत शाळामास्तराला "पंतुलु" म्हणतात. बडी म्हणजे शाळा, बडिपंतुलु म्हणजे शाळेतले गुरुजी. आपला पंतोजी आणि त्यांचा पंतुलु शेजारी ठेवून पाहा. मराठीत हा शब्द पुस्तकात जाऊन बसला, तेलुगूत तो जुन्या लोकांच्या बोलण्यात नांदतो. उदगीर-देवणीकडची कन्नड बोलणारी माणसं "मेष्ट्रु" म्हणतात, तो सरळ आपला मास्तर, शेवटी कन्नडचा आदरार्थी "रु" लागलेला. माझी आजी तेलंगणातली. ती माझ्या मराठी शाळेतल्या गुरुजींना भेटायला आली की "पंतुलुगारू" म्हणायची आणि गुरुजी ओळखायचे की नातवाची चौकशी आहे.

गोदातीर
नांदेडचा उल्लेख निघाला म्हणून लिहितो. आमच्या शहरात "गुरुजी" हा शब्द प्राथमिक शाळेपुरता राहिलाच नाही, आणि त्याचं कारण नरहर कुरुंदकर. मूळचे कुरुंद्याचे. आधी प्रतिभा निकेतन शाळेत शिकवत, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि पुढं प्राचार्य. १९८२ साली गेले. प्राचार्य झालेल्या माणसाला खरं तर "सर" म्हणायला हवं होतं. नांदेडकर आजही "कुरुंदकर गुरुजी"च म्हणतात. त्यांचं व्याख्यान ऐकलेली जी माणसं मला भेटली, त्यांतल्या एकाच्याही तोंडून मी "कुरुंदकर सर" ऐकलेलं नाही.

स्वामी रामानंद तीर्थांचंही पाहा. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईला ते शिक्षकच होते. त्यांना संन्यासाचा शब्द मिळाला, "स्वामीजी", आणि शिक्षकाचा शब्द मागं राहिला.

म्हणून ताई, माझं मत विचाराल तर हुद्दा पाहू नका. लोकांनी काय हाक मारली ते लिहा.

निळं आभाळ
लोकांनी काय हाक मारली ते लिहा, हे वाचून मी दोन दिवस थांबलो. लिहावं की नाही हे कळत नव्हतं. लिहितो.

माझे वडील आमच्या वस्तीतले पहिले शिक्षक. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकले. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेलं ते कॉलेज नसतं तर ते सालगडी राहिले असते, असं ते स्वतः सांगत. पहिली नेमणूक परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात. शाळेत दोन शिक्षक. दुसऱ्यांना सारा गाव गुरुजी म्हणायचा. माझ्या वडिलांना नुसत्या नावानं हाक मारायचा. पुढं "मास्तर" म्हणायला लागले, ते पण एकेरीत: "ये मास्तर." वर्गातल्या पोरांना घरून जसं शिकवलं तसं पोरं बोलायची. वडिलांना गावानं "गुरुजी" म्हणायला पंधरा वर्षं लागली. तोवर आमची बदली आली होती.

"सर" हा शब्द त्यांना मिळाला तो मिलिंदच्या आवारात. तिथं सगळ्या प्राध्यापकांना सर म्हणत. त्या शब्दाला देवळाचा वास नव्हता, जात नव्हती, गावातलं वरचं-खालचं घर नव्हतं. वस्तीतली पोरं घरी शिकवणीला यायची, ती त्यांना सर म्हणायची. ते ऐकताना वडिलांची मान ताठ व्हायची, हे मी पाहिलंय.

"गुरुजी" किती गोड, "सर" कसा कोरडा, असं वर बऱ्याच जणांच्या लिहिण्यात येतंय. तुमच्या अनुभवात तसं असेल, मला त्यावर राग नाही. आमच्या घरात ते उलटं होतं.

तेरणाकाठ
निळं आभाळ, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभारी आहे. तुमचं वाचून मी आईला विचारलं. आमच्या वडिलांबरोबर पहिल्या शाळेत तुमच्या वडिलांसारखेच एक शिक्षक होते, गाव त्यांना नावानं हाक मारायचा. आई म्हणाली, "तुझे वडील त्यांना वर्गापुढं मुद्दाम 'गुरुजी' म्हणायचे, मोठ्यांदा. म्हणजे पोरांच्या कानावर पडावं." मला हे आजवर माहीत नव्हतं. आईला चाळीस वर्षांनी कुणी विचारलं म्हणून ती बोलली.

तुमच्या वडिलांच्या नावानं कधी कपाट झालं तर त्यावर "सर"च हवं.

पांढरी माती
बाया कुठं आहेत या धाग्यात? मी हिंगोली जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. २००० नंतरच्या भरतीतली, म्हणजे आधी तीन वर्षं मानधनावर "शिक्षणसेवक". नावात सेवक आणि काम पूर्ण शिक्षकाचं. त्या तीन वर्षांत गावातल्या एका माणसानंही मला शिक्षणसेवक म्हटलं नाही, सगळ्यांनी बाईच म्हटलं. त्या वेळी याचा फार आधार वाटला.

"बाई" शब्दावर आमच्यातच दोन मतं आहेत. नव्या मुलींना तो आवडत नाही. घरकामाला येणाऱ्या बाईलाही बाईच म्हणतात, असं त्या म्हणतात. मला ते पटत नाही. मराठवाड्यात कितीतरी घरांत आजीला, आईला, थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. माझ्या आजोळी आजी ही "बाई"च होती. आणि ज्यांच्यामुळं आपण फळ्यापुढं उभ्या आहोत त्या सावित्रीबाई. मुलींनी तो शब्द टाकू नये असं मला वाटतं. पण आग्रह धरत नाही, कारण हाक कुणाला कशी लागते हे ज्याचं त्यालाच कळतं.

पोरांचा नियम मात्र पक्का आहे. पहिली ते चौथी "बाई", पाचवीत गेलं की त्याच लेकराच्या तोंडी एका उन्हाळ्यात "मॅडम" येतं. पालक पहिल्यापासून "म्याडम" म्हणतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या आयांचे फोन येतात: "म्याडम, पोरीला आजीजवळ ठिवलंय, तिचं नाव कमी करू नका." त्या "म्याडम"मध्ये जेवढी विनवणी असते तेवढी "गुरुजी"त पण नसेल. अंगणवाडीत हेच लेकरू "ताई" म्हणत असतं. म्हणजे बघा, दहा वर्षांचं होईतो ते लेकरू ताई, बाई, मॅडम अशा तीन पायऱ्या चढतं. पुरुष शिक्षकाला पहिलीपासून दहावीपर्यंत एकच "सर".

आणखी एक राहिलं. शिक्षकाच्या बायकोला गाव "मास्तरीणबाई" म्हणायचा, ती शाळेची पायरी न चढलेली असली तरी. मी शिक्षिका आहे, माझे यजमान शेती करतात. त्यांच्यासाठी गावाकडं शब्दच नाही.

बालाघाट
पांढरी माती ताई, शेवटच्या ओळीला दंडवत. आमच्या मास्तरीणबाई आठवल्या. दुपारच्या सुट्टीत डबा न आणणाऱ्या पोरांना अर्धी भाकरी आणि लसणाची चटणी द्यायच्या.

मांजराकाठ
लातूरमध्ये राहतो, क्लासेसच्या भागात. इथं "सर" हा शब्द भिंतीवर वाचायला मिळतो. फिजिक्सचे सर, बायोलॉजीचे सर, पुढं फोटो आणि निकाल. विदर्भ, खानदेशापासून पोरं इथं येऊन खोली घेऊन राहतात आणि "कोणत्या सरांकडं आहेस?" ही त्यांची पहिली ओळख. त्या सरांतले काही फार तळमळीचे आहेत, हे मी जवळून पाहतो. पण शब्दाला फीची पावती चिकटली आहे. तेरणाकाठ ताईंच्या भावाचं "सर" आणि हे "सर" एक नव्हे, निळं आभाळ यांच्या वडिलांचं तर मुळीच नव्हे.

शब्दाचं मूळ मात्र ऐकण्यासारखं आहे. इंग्रजीतला सर फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ लॅटिन "सीनियर". म्हणजे वयानं मोठा, वडीलधारा. आपण गुरुजींना त्याच भावनेनं पाया पडायचो.

केरळच्या बालहक्क आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं होतं की सर आणि मॅडम नको, सगळ्यांना "टीचर" म्हणा, म्हणजे स्त्री-पुरुष भेद राहणार नाही. हेतू चांगला आहे. तरी आपल्याकडं "टीचर" ही हाक इंग्रजी शाळेच्या आणि दख्खनी भाई म्हणतात तशी उर्दू शाळेच्या फाटकाआतच आहे. मराठी शाळेत ती रुजेल असं मला वाटत नाही.

लिंबाची सावली
किल्लारी भागातला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात माझी शाळा गेली. मी चौथीत होतो. पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरायला लागले तेव्हा बाहेरगावचे कार्यकर्ते, डॉक्टर, इंजिनिअर, सगळे यायचे. नावं माहीत नव्हती. आम्ही सगळ्यांना "सर" म्हणायला लागलो. महिन्याभरात आमच्या गुरुजींनापण सर म्हणायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं, जीभच तशी वळली. एक दिवस गुरुजींनी हजेरी घेतली. जी नावं आता नव्हती तिथं ते थांबायचे, पुढं जायचे. त्या दिवशी माझ्या नावाला मी "हजर गुर्जी" म्हणालो. त्यांनी मान वर करून पाहिलं.

आमच्या गावातला बदल मला दिवसानिशी सांगता येतो, म्हणून लिहिलं.

गोदातीर
लिंबाची सावली, नमस्कार घ्या.

जुनी वही
वाचून बराच वेळ बसून राहिलो.

तेरणाकाठ
सगळ्यांचे उपकार. पेंटर काल येऊन गेला. काय झालं ते सांगते.

भावाला मी हा सगळा धागा वाचून दाखवला. निळं आभाळ यांचा प्रतिसाद त्यानं स्वतः दोनदा वाचला. मग म्हणाला, "आपल्या घरी सर मी आहे. ते गुरुजी होते. तेच लिहू." आतल्या बाजूला, दार उघडलं की दिसेल असं, पारावरच्या सोबत्यांसाठी "आमचे मास्तर" लिहायचं त्यानंच सुचवलं. त्या चौघांनी पुस्तकांसाठी मिळून पैसे दिले आहेत.

पेंटरनं पांढऱ्या रंगात नाव काढलं, खाली १९७१–२००५. आई तिसरी शिकलेली, पुढचं सगळं वडिलांकडून शिकली. ती जवळ गेली, चष्मा वर करून पाहिलं आणि पेंटरला म्हणाली, "दादा, रु ऱ्हस्व काढ. दीर्घ काढलास." त्यानं "गुरूजी" लिहिलं होतं. तो म्हणाला, "काकू, सगळीकडं असंच लिहितात." आई म्हणाली, "लिहिनात का. ह्यांनी लाल शाईनं गोल केला असता."

त्यानं टर्पेंटाइनच्या बोळ्यानं तेवढं एक अक्षर पुसलं आणि पुन्हा काढलं. अजून ओलं आहे, म्हणून कपाट आज ओसरीतच ठेवलंय. सोमवारी शाळेत नेणार आहोत.